पुरणयंत्रानं दाबलेला पिस्टन

माझ्या सासऱ्यांच्या गाडीचे ब्रेक ओरडायला लागले तेव्हा घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात माझी बायको. तिचं म्हणणं, आता गाडी विकू या. दुसऱ्या पक्षात सासरे, एकटेच. सासूबाई तटस्थ. म्हणजे बाजाराला जायचं असेल त्या दिवशी सासऱ्यांच्या बाजूनं, एरवी मुलीच्या. आणि मी जावई. जावयानं मागितल्याशिवाय मत देऊ नये, आणि मागितलं तर अजिबातच देऊ नये, एवढी अक्कल मला पहिल्या दिवाळसणातच आली होती.

सासरे रेल्वेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी तिकिटाच्या खिडकीमागे बसून केली. राहायला तारनाक्याला. मंडळी पिढ्यान् पिढ्या हैदराबादची, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना मधूनच शेजारच्या घराचं दार उघडावं तशी उर्दू आत येते आणि चहा घेऊनच जाते. मी पुण्याचा. नोकरीसाठी कुकटपल्लीला आलो, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो. हातानं करायच्या कामांपैकी मला नारळ फोडता येतो, तोही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा.

ब्रेक ओरडायचे म्हणजे काय, तर पाटीवर खडू उभा धरून ओढला की अंगावर काटा येतो ना, तसं. बेगम बाजारात सासरे मिरच्या आणि खोबरं आणायला गेले होते. तिथल्या गर्दीत त्यांनी ब्रेक दाबला आणि समोरून डोक्यावर पोतं घेऊन चाललेला हमाल पोतं टाकून दुकानात शिरला. येताना गाडीचा डावा आरसा एका हातगाडीनं नेला. हातगाडीला इथं बंडी म्हणतात. सासऱ्यांच्या मते बंडी आरशाला घासली, बायकोच्या मते आरसा बंडीला. तिनं त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक शोधलं. दसरा झाला की तो माणूस गाडी बघायला येणार होता.

दसऱ्यासाठी आम्ही तारनाक्याला मुक्कामाला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी मला गच्चीवर बोलावलं. कपडे वाळत घालायचे आहेत असं सांगून. कपडे नव्हतेच.

"जावईबापू, एक काम होतं. घरात बोलायचं नाही."

"बोला ना, बाबा."

"ते ब्रेकचं. तुम्ही त्या दिवशी म्हणत होता, मोबाईलवर बघून माणूस काहीपण करू शकतो."

मी म्हटलं होतं खरं. ते ढोकळ्याबद्दल होतं.

"गॅरेजला देऊ या की," मी म्हणालो.

"नक्को! गॅरेजवाला पोरीच्या पार्टीत गेलाय. परवा मलाच सांगत होता, चच्चा, बेच डालो, कायकू परेशान होते. त्याला गाडी दिली की आधी तिला फोन." मग ते म्हणाले, "सगळी जिंदगी मी खिडकीत बसून लोकांना तिकिटं दिली. काझीपेठला जा, नांदेडला जा, तिरुपतीला जा. मी मात्र तिथंच. आता कुठं मनात आलं की उठून जाता येतं, तर पोरीला बघवेना. ही गाडी गेली की मी पुन्हा खिडकीत."

मी म्हणालो, "सोपं असतं हो, बाबा. दोन तासांचं काम."

बेत असा ठरला. नवमीला मी गुपचूप पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे. दसऱ्याला सकाळी सासरे मुलीला शेजारी बसवून जम्मीच्या झाडाला घेऊन जाणार. जम्मी म्हणजे आपली शमी. इथं दसऱ्याला तिची पूजा करतात, आणि तिचीच पानं सोनं म्हणून वाटतात. ब्रेक एकदाही ओरडणार नाही, बायकोचा मुद्दा निकालात निघेल, आणि गिऱ्हाइकाला परस्पर 'हॅपी दसरा' कळवता येईल.

नवमीला बायको वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसली. तिच्या ऑफिसचे साहेब सातासमुद्रापार, त्यांना नवमी नसते. मी खाली पोर्चमध्ये हत्यारं मांडली. पाने, पेचकस, जॅक, आणि या कामासाठी खास विकत घेतलेला, स्क्रूनं आवळायचा लोखंडी शिकंजा. डावं चाक काढलं, गाडी स्टँडवर टेकवली, कॅलिपरचा बोल्ट सोडवला. एवढं सगळं पहिल्या फटक्यात जमल्यामुळे मी इतका खूश झालो की बोल्ट हातात धरून स्वतःचा एक फोटो काढला.

कॅलिपर म्हणजे चाकाच्या आतली चकती चिमटीत धरणारा लोखंडी पंजा. त्याच्या पोटात एक पिस्टन असतो. ब्रेक दाबला की तो पॅडला ढकलतो आणि पॅड चकतीला आवळतात. पॅड झिजत जातात तसा पिस्टन हळूहळू बाहेर येतो, ऊन खायला निघालेल्या कासवाच्या मानेसारखा. नवे पॅड जाड असतात. ते बसवायचे तर आधी ही मान आत घालवावी लागते. व्हिडिओतल्या माणसानं ती बोलता बोलता, हसत हसत आत घातली होती.

मी अंगठ्यांनी दाबून बघितलं. कासव ढिम्म. तळव्यानं दाबलं. पाय रोवून, दात आवळून, देवाचं नाव घेऊन दाबलं. सासरे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "ते आत जातंय की तुम्ही बाहेर येताय?"

तेवढ्यात सासूबाईंनी पोह्यांसाठी हाक मारली. शिकंजा आहेच, खाऊन येऊन आवळू, म्हणून आम्ही दोघं आत गेलो. पोहे झाले, चहा झाला, चहावर आणखी अर्धा कप झाला. बाहेर येऊन बघतो तर पोर्च स्वच्छ. पाणी मारून धुतलेलं. गाडी तीन चाकांवर उभी, आणि जमिनीवर मांडलेलं एकही हत्यार जागेवर नाही.

मी आत धावलो. देवघरात पाटावर लाल कापड, त्यावर माझे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले. प्रत्येकाला हळदकुंकू. पेचकसांना झेंडूचं एकेक फूल. आणि मधोमध, मूर्तीच्या जागी असावा तसा, माझा शिकंजा, अक्षता लावलेला.

"आई, हे..."

"खंडेनवमी ना आज," सासूबाई म्हणाल्या. "दर वर्षी ह्यांचा एक हातोडा आणि माझी विळी, एवढंच असतं पूजेला. यंदा तुम्ही एवढी हत्यारं काढून ठेवलीत. मला वाटलं, जावयाला आठवण राहिली. इतकं बरं वाटलं! सगळी घासून घेतली हो मी. काय तेल होतं त्यांना."

"हो... पण मला त्यातलं एकच जरा..."

"आज हात लावायचा नसतो. उद्या उत्तरपूजा झाली की घ्या."

पुण्यात आमच्याकडेही खंडेनवमी असते. आम्ही कॉम्प्युटरला फूल वाहतो आणि त्याच कॉम्प्युटरवर पुढचं काम करतो. सासूबाईंच्या घरात असला शॉर्टकट नव्हता. मी आशेनं सासऱ्यांकडे बघितलं. ते मूर्तीकडे बघत होते, आणि त्यांचे हात जोडलेले होते.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "गॅरेजवाल्यांकडूनपण काही मिळायचं नाही. सगळ्यांचे पाने आज देवाजवळ."

"माझ्या खिशात एक राहिलाय," मी म्हणालो. कॅलिपरच्या बोल्टचाच होता तो, नशीब. चाकाचा पाना आणि जॅक गाडीला टेकलेले होते म्हणून सुटले. पण पिस्टन दाबायला काय? पेचकस नाही, शिकंजा नाही. आम्ही दोघं त्या उघड्या चाकाकडे बघत उभे राहिलो. उजवं चाक तर अजून खोललंही नव्हतं. वरून बायकोचा आवाज येत होता, ती कुणाला तरी इंग्रजीत समजावत होती की घाईत केलेलं काम अंगाशी येतं.

अशा वेळी काही माणसांना देव सुचतो. मला पुरणयंत्र सुचलं.

सासूबाईंचं पुरणयंत्र जुनं, ओतीव लोखंडाचं. वरून शिजलेली डाळ घालायची, मूठ फिरवायची, समोरून पुरण. पण माझा डोळा होता त्याच्या खालच्या भागावर. टेबलाच्या कडेला आवळून बसवायला त्याला एक जबडा असतो आणि खालून वर येणारा एक जाडजूड स्क्रू. जाड फळीच्या टेबलांच्या काळातलं असल्यामुळे जबडा चांगला मोठा. मी सासऱ्यांना ही कल्पना सांगितली.

"पुण्यात असंच करतात काय?"

"बाबा, तत्त्व तेच आहे."

"तत्त्व राहू द्या. ती डाळ शिजवायला ठेवतेय आत्ता. वाटायला घेईपर्यंत परत पाहिजे."

मग ते स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंशी गप्पा मारत बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा ओट्याशी उभा राहून डाळ कुठून आणली हे विचारतोय म्हटल्यावर त्यांना संशय यायला हवा होता. त्यांना कौतुक वाटलं. मी मागच्या मागे फडताळातून यंत्र काढलं आणि पदराआड मूल न्यावं तसं टॉवेलाखाली घेऊन पोर्चमध्ये आलो.

जबडा कॅलिपरवर बसला. जेमतेम, स्क्रू पार मागे घेतल्यावर. पिस्टनवर जुना पॅड आडवा धरला, स्क्रूचं तोंड त्याला टेकवलं आणि फिरवायला लागलो. आधी काहीच झालं नाही. मग एक बारीक 'कूंऽऽ' आवाज, आणि कासवानं मान आत घेतली. हळूहळू, नाखुशीनं, पण घेतली! आयुष्यात पहिल्यांदा एखादी यंत्रातली गोष्ट माझं ऐकत होती. मी फिरवत गेलो, फिरवत गेलो. पुरणयंत्राची वरची मूठसुद्धा माझ्याबरोबर आनंदानं डुलत होती.

तेवढ्यात मागून सासऱ्यांचा आवाज आला. "जावईबापू, बॉनेटमधून काय सांडतंय?"

ते ब्रेक ऑइल होतं. पिस्टन आत गेला की त्याच्यामागचं ऑइल परत वर डबीत येतं. डबीत थोडी जागा असते म्हणून सहसा काही होत नाही. पण सासरे निगुतीचे. पॅड झिजत गेले तसं डबीतलं ऑइल खाली जायचं, आणि ते दर वेळी बाटली आणून काठोकाठ भरायचे. घरात पाण्याचा माठ भरतात तसं. आता ते सगळं उलट आलं आणि डबीवरून ओघळत, इंजिनाच्या कडेनं, पोर्च धुऊन सासूबाईंनी नुकत्याच काढलेल्या रांगोळीत गेलं. मी धावत पाणी आणलं, रंगाला लागू नये म्हणून गाडी धुतली. रांगोळीतला मोर त्यात गेला. सासऱ्यांनी पायानं रांगोळी सारून त्याचं कमळ करायचा प्रयत्न केला, पण ते कमळ काही कुणी कमळ म्हणून ओळखलं नसतं.

डबीतलं जास्तीचं ऑइल चिंधीनं टिपून घेतलं आणि उजव्या बाजूला लागलो. आता मी अनुभवी होतो. पिस्टन गेला, नवे पॅड बसले, कॅलिपर बसला, चाक बसलं. शेवटचा नट आवळत होतो तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

"काय करताय दोघं?" बायको.

"टायर पुसतोय," मी म्हणालो. हातात चाकाचा पाना होता.

"उद्या पूजा ना गाडीची," सासरे म्हणाले. "म्हटलं, साफ करू."

तिनं माझ्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं, मग त्या कमळाकडे. "टायरच पुसताय ना?" एवढंच म्हणाली आणि पाण्याची बाटली भरून पुन्हा वर गेली.

पुरणयंत्र मी धुऊनपुसून फडताळात ठेवलं. पण सासूबाईंची नजर. जबड्याला कुठंतरी काळा ठसा राहिलाच होता. त्यांनी तो बोटानं पुसला, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"गाडीचं आहे का हे?"

सासरे पेपर वाचत होते, उलटा.

सासूबाईंनी तटस्थता मोडली नाही. वर आवाज गेला नाही. फक्त पुरणाची चाळण माझ्यापुढे ठेवली आणि शिजलेल्या डाळीचं पातेलं. "हात घासून या. साबणानं. मग परत साबणानं. आणि हे सगळं चाळा. त्या यंत्रातून माझ्या देवाला नैवेद्य जाणार नाही." सगळं पुरण मी हातानं चाळणीवर घासून काढलं. पिस्टनपेक्षा ते कितीतरी अवघड. मधे एकदा वाटलं, ब्रेकचं काहीतरी करायचं राहिलंय. पण मनगटं इतकी भरून आली होती की तो विचार मी डाळीबरोबर खाली घासला.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सासरे इस्त्रीचा सदरा घालून चालकाच्या जागी बसले. बायको त्यांच्या शेजारी. बसताना म्हणाली, "बाबा, आज शेवटचं हं. मग मात्र हट्ट नाही." सासऱ्यांनी गाडी सुरू केली. मी गल्लीत उभं राहून मागे यायची खूण करणार होतो. आमच्या पोर्चपासून गल्लीपर्यंत उतार आहे, आणि गल्लीत नेमका झेंडूच्या ढिगानं भरलेली बंडी घेऊन एक फूलवाला उभा होता.

"येऊ द्या, येऊ द्या!" मी ओरडलो.

लिंबं फुटली. गाडी मागे आली. सुरेख, अलगद, एकही आवाज न करता. मी सासऱ्यांना अंगठा दाखवला. गाडी आणखी मागे आली. "बस, बस बाबा!" गाडी येतच राहिली. मी बाजूला झालो, तेव्हा काचेतून सासऱ्यांचा गुडघा दिसला. तो पूर्ण खाली गेला होता.

तेव्हा मला आठवलं.

पिस्टन आत दाबला की पॅड आणि त्याच्यात मोकळी जागा राहते. काम झाल्यावर ब्रेकचं पेडल जागच्या जागी चार-पाचदा दाबून पिस्टन पुन्हा पॅडला टेकवायचा असतो. नाहीतर पहिल्यांदा दाबलं की पेडल नुसतं खाली जातं. व्हिडिओतल्या माणसानं हे शेवटी सांगितलं होतं. तोवर माझं अर्धं लक्ष ढोकळ्याच्या व्हिडिओकडे गेलं होतं.

मी "बाबा!" म्हणून जी काही किंकाळी फोडली ती जुन्या ब्रेकला लाजवणारी असावी. बायकोचे दोन्ही हात डॅशबोर्डवर. फूलवाल्यानं बंडी सोडून भिंतीचा आसरा घेतला. आणि सासरे? त्यांचा डावा हात खाली गेला, 'कर्रर्र' करून हँडब्रेक ओढला गेला, आणि गाडी एक झोका देऊन थांबली. बंडीतल्या वरच्या दोन-चार फुलांना टेकून. बंडी जागची हलली नाही.

मग भिंतीजवळून फूलवाला म्हणाला, "क्या चच्चा, फूलां पूरे लेते क्या?"

मी खिडकीशी गेलो. गाडीत जे बोलायचं ते मलाच बोलावं लागणार होतं. "त्यांची चूक नाहीये," मी बायकोला म्हणालो. "ब्रेक मी बदलले. काल. पेडल दाबून घ्यायचं विसरलो. आणि पुरणयंत्र..."

"पुरणयंत्र?"

"ते नंतर सांगतो."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती वडिलांच्या हाताकडे बघत होती. हात अजून हँडब्रेकवर होता, घट्ट आणि स्थिर.

"बाबा, तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं? मला तर ओरडायलासुद्धा सुचलं नाही."

"आमची पहिली गाडी जुनी घेतली होती," सासरे म्हणाले. "तिला पायाचा ब्रेक होता, पण नावालाच. शहरभर हँडब्रेकवर फिरलोय आम्ही. तुझी आई पोटुशी असताना तिला त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं... म्हणजे तुलाच की." मग त्यांनी पेडल दाबलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, मी खिडकीबाहेरून मोजल्यासारखी मान हलवत होतो. "हौ, आता आलं पायाखाली. कडक झालं. जावईबापू, काम चांगलं केलंत. शेवटचं राहिलं एवढंच."

"एवढंच?" बायको म्हणाली. "तू खाली उतर."

"मी खालीच आहे."

"मग मागे बस. आणि कशालाही हात लावू नकोस."

मी मागे बसलो. तिथं पुरणपोळ्यांचा डबा होता, तो मांडीवर घेतला. सासऱ्यांनी गल्लीतच गाडी थोडी पुढे, थोडी मागे घेऊन ब्रेक दोनदा तपासला, मग मुख्य रस्त्याला लागले. सिग्नलला ब्रेक दाबला. आम्ही तिघंही कान देऊन होतो. नुसता टायरचा आवाज. पुढच्या वळणावर एक रिक्षा आडवी घुसली, सासऱ्यांनी वेळेत गाडी थांबवली, काच खाली केली आणि त्या रिक्षावाल्याला अशा शब्दांत दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या की मला त्यातलं फक्त 'मियाँ' कळलं.

बायकोनं पर्समधून फोन काढला. थोडा वेळ हातात धरून ठेवला.

"बाबा, बेगम बाजार बंद. त्या गर्दीत जायचं नाही. आणि डोळे तपासायला मी घेऊन जाणार."

"तू घेऊन जाणार, म्हणजे गाडी मी चालवणार?"

तिनं नंबर शोधला. फोन कानाला लावला. "नमस्कार. हो, गाडीबद्दलच. नाही... नाही, तुम्ही येऊ नका. आम्हाला विकायची नाहीये." ती हळूच बोलत होती. सासऱ्यांना डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं.

"काय म्हणतोय तो?" सासऱ्यांनी मोठ्यानं विचारलं.

"काही नाही, बाबा. तुम्ही समोर बघा."